गडकिल्ल्यांचं पुस्तक: जिल्हावार घ्यावं की डोंगररांगेनुसार?

पावसाळा तोंडावर आला की "सह्याद्रीवरचं एकच चांगलं पुस्तक सुचव" असं कोणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याचे लोहगड, राजगड, तोरणा झालेले असतात, सॅक आणि बूट घेऊन झालेले असतात. आता जरा आत शिरायचं असतं. त्यामुळे गड किती उंच, पायथ्याला जेवण मिळतं का, ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळेल असं धरून चालू. खरा फरक पुस्तकाच्या मांडणीत असतो आणि दुकानात उभ्या उभ्या तोच कोणी बघत नाही.

मराठीत या विषयाची पुस्तकं ढोबळमानाने दोन घरांत पडतात. पहिलं घर जिल्हावार ग्रंथांचं: जाडजूड, पुठ्ठा बांधणी, रंगीत फोटो. पुणे, नाशिक, सातारा असे भाग आणि प्रत्येक भागात किल्ल्यांची नोंद. दुसरं घर डोंगररांगेनुसार लिहिलेल्या पुस्तकांचं: सातमाळ, बालेश्वर, भुलेश्वर, महादेव, सेलबारी-डोलबारी अशी प्रकरणं, हाताने काढलेले नकाशे आणि बऱ्याचदा सुमार छपाई. तिसरं घर ललित प्रवासवर्णनांचं, पण ते या स्पर्धेत धरत नाही. ती पुस्तकं मी आवडीने वाचतो. मात्र धुक्यात वाट चुकल्याचं दोन पानं वर्णन असतं आणि नेमकी कुठल्या खिंडीत चुकली ते काही केल्या कळत नाही.

माझ्याकडे दोन्ही घरांतली पुस्तकं आहेत. जिल्हावार ग्रंथ कपाटात वरच्या फळीवर आणि रांगेनुसारचं सॅकच्या वरच्या कप्प्यात, यावरून माझा कल कळलाच असेल. तरी जिल्हावारची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही.

इतिहास हवा असेल तर जाड ग्रंथच उजवा. गड कोणी बांधला, कोणाकडून कोणाकडे गेला, 1665 च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तो होता का, 1818 मध्ये इंग्रजांनी तो कसा घेतला, हे सगळं त्यात नीट मिळतं. अंतूर किल्ल्यावरच्या फारसी लेखासारख्या शिलालेखांचं वाचन मिळतं. दरवाजावर कोरलेला शरभ किंवा गंडभेरुंड असा काल्पनिक प्राणी जागेवर धड दिसत नाही, तो इथे स्वच्छ फोटोत दिसतो. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले आपले अकरा किल्ले, म्हणजे जिंजी सोडून बाकीचे, घरच्यांना घेऊन गाडीने बघायचे असतील तर असं पुस्तक घ्यावं. बागलाणातही ते अडत नाही. साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड सगळे नाशिक जिल्ह्यातच, त्यामुळे पानं जवळजवळ सापडतात.

अडतं ते हरिश्चंद्रगडाला.

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. पाचनईची सोपी वाट त्याच जिल्ह्यातली, म्हणून ती नोंदीत ठळक असते. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट जुन्नर तालुक्यातून, म्हणजे पुणे जिल्ह्यातून सुरू होते. तिला चार ओळी मिळाल्या तरी खूप. नळीची वाट, म्हणजे अरुंद घळीतून चढणारी, बेलपाड्यातून, म्हणजे ठाण्याच्या मुरबाड तालुक्यातून. माझ्याकडच्या जाड ग्रंथात तिच्या वाट्याला "अवघड वाट, माहीतगार सोबत घ्यावा" एवढंच वाक्य आलं आहे. सल्ला बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वाक्यामुळे एक साधी गोष्ट वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. बेलपाड्याला जायचा फाटा कल्याण-नगर रस्त्यावर, माळशेज घाटाच्या खाली. खिरेश्वरला जायचा खुबी फाटा त्याच रस्त्यावर, घाट चढून गेल्यावर. म्हणजे नळीतून चढायचं, गडाच्या कोकणकड्यावर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी केदारेश्वराची गुहा बघून टोलार खिंडीने खिरेश्वरला उतरायचं आणि खुबीला त्याच रस्त्यावरची एसटी धरायची. पाचनईला गाडी ठेवून परत तिथेच यायची भानगड नाही. रांगेनुसारच्या पुस्तकात हे एका नकाशात दिसतं: मधे गड, खाली कोकण, वर जुन्नरचं पठार, बाजूने माळशेजचा रस्ता. जिल्हावारमध्ये याच माहितीसाठी तीन भाग चाळावे लागतात आणि प्रत्येक भागाचा नकाशा जिल्ह्याच्या हद्दीशी कापलेला. कड्याच्या पलीकडे पांढरा कागद.

हा पांढरा कागद मला सहन होत नाही. तुम्हाला कदाचित होईल. पण सह्याद्रीची मुख्य रांग बऱ्याच ठिकाणी हीच जिल्ह्यांची हद्द आहे. म्हणजे जिथे चालायची खरी मजा, तिथेच हे पुस्तक थांबतं. नाणेघाटाचं तोंड पुणे जिल्ह्यात, पायथ्याचं वैशाखरे ठाण्यात. अलंग-मदन-कुलंग हे तीन गड नाशिक आणि नगरच्या शिवेवर, ते कुठल्या भागात शोधायचे हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर.

इतिहासालाही याचा फटका बसतो, हे मात्र बरीच वर्षं वापरल्यावर जाणवलं. सिंहगडाची 1670 ची लढाई पुणे जिल्ह्याच्या भागात मिळते. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूरकडे, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या भागात. या दोघांना जोडणारा मढे घाट, जिथून त्यांचा देह कोकणात उतरवला असं सांगतात, तो किल्ला नाही म्हणून त्याला नोंदच नाही. केळदला घाटमाथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला राजगड-तोरण्याचा मुलूख आणि दुसऱ्या बाजूला खाली महाडचं खोरं असा पट उलगडतो. राजधानी राजगडाहून रायगडाला गेली म्हणजे काय झालं, ते तिथे कळतं. रांगेनुसारचं पुस्तक घाटवाटांना किल्ल्यांच्या बरोबरीने बसवतं. माझ्या लेखी तोही इतिहासच, भले त्यात सनावळ्या कमी असोत.

जिल्हावार मांडणी आली कुठून, याचा माझा एक अंदाज आहे. 1880 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे, म्हणजे सरकारी माहितीग्रंथाचे, बहुतेक खंड निघाले: नाशिक 1883, अहमदनगर 1884, पुणे 1885. जिल्ह्याला खंड आणि शेवटी ठिकाणांच्या अक्षरवार नोंदी. कलेक्टर कचेरीसाठी ती सोय उत्तमच होती. पुढच्या लेखकांनी माहिती तिथून घेतली आणि खणसुद्धा तेच ठेवले असावेत. ते खणही पक्के नाहीत. कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा 1981 मध्ये झाला, त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, 2014 मध्ये ठाण्यातून पालघर. अशेरीगड, कोहोज, तांदुळवाडी जुन्या आवृत्तीत ठाण्यात आणि नव्या पुस्तकात पालघरमध्ये. डोंगर आपले जागच्या जागी. (हे जुने खंड शासनाच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. जाड ग्रंथाची किंमत बघून ज्याला घाम फुटतो त्याने आधी तिथे डोकावावं.)

आता रांगेनुसारच्या पुस्तकांच्या खोडी. फोटो काळपट. मुद्रितशोधन ढिसाळ, माझ्या प्रतीत एकाच गावाचं नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी छापलंय. एसटीच्या वेळा छापल्या असतील तर त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नये. "टाक्यात बारमाही पाणी" हे वाक्य एप्रिलमध्ये गावात विचारून मगच खरं मानावं, पण ते दोन्ही घरांतल्या पुस्तकांना सारखंच लागू. आणि एखादा किल्ला नुसता नावाने शोधायचा असेल तर आधी तो कुठल्या रांगेत ते माहीत हवं. मागे सूची नसेल तर नवखा माणूस वैतागतो, आणि अशा पुष्कळ पुस्तकांना सूची नसते.

मोबाइलवर जीपीएस ट्रॅक, म्हणजे आधी कोणी चाललेल्या वाटेची नोंद, मिळत असताना पुस्तक कशाला, असंही विचारतात. ट्रॅक एकाच वाटेचा असतो. शेजारच्या खिंडीत काय आहे ते तो सांगत नाही, आणि कुठे जायचं हेच ठरलं नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

तेव्हा ज्याला मुख्यतः वाचायचंय, जागेवर गेल्यावर दरवाजे, टाकी, वाडे ओळखायचेत, त्याने जिल्हावार घ्यायला हरकत नाही. पाठीवर सॅक टाकून एका गडावरून दुसऱ्या गडावर जाण्याची खाज असेल तर मी तरी रांगेनुसारचंच घेईन. पुढेमागे पैसे जमले की जाड ग्रंथ येतोच घरात, माझ्याकडेही तसाच आला.

दुकानात पुस्तक हातात घेतलंत की हरिश्चंद्रगडाचं पान उघडा. नकाशात खिरेश्वर, पाचनई आणि बेलपाडा तिन्ही गावं दिसतात का ते बघा. मग अनुक्रमणिकेत घाटवाटांचं प्रकरण शोधा. दोन्ही असेल तर छपाई कितीही काळपट असली तरी घ्या. नकाशा कड्यापाशीच संपत असेल, तर निदान सॅकमध्ये ठेवण्यासाठी ते पुस्तक घेऊ नका.