यूव्ही: ‘मॉड्यूल नॉट फाउंड’वर चांगला उतारा, पण एक खोच आहे

पायथनमध्ये पॅकेज (तयार कोडचा संच) टाकूनही ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ ही एरर येते, कारण बहुतेकदा पिप (पॅकेज टाकायचं नेहमीचं साधन) संगणकावरच्या एका पायथनचं असतं आणि प्रोग्राम चालतो दुसऱ्यावर. ॲस्ट्रल कंपनीचं २०२४ मध्ये आलेलं यूव्ही हे पॅकेज सांभाळणारं साधन हा घोळ मुळातच मिटवतं. ‘यूव्ही ॲड पांडाज’ने पॅकेज प्रोजेक्टमध्ये नोंदवायचं, ‘यूव्ही रन’ने फाइल चालवायची; एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) ॲक्टिव्हेट करायची भानगडच नाही. वेगही झकास.

खोच अशी, की ‘यूव्ही व्हेन्व’ने केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतंच. सवयीने ‘पिप इन्स्टॉल’ मारलं की पॅकेज भलत्याच पायथनमध्ये जाऊ शकतं आणि एरर जागच्या जागी. तिथे ‘यूव्ही पिप इन्स्टॉल’ लिहा, किंवा एन्व्हायर्नमेंट बनवतानाच पिपही टाकणारा ‘सीड’ पर्याय द्या. नावांचा गोंधळ मात्र यूव्हीही सोडवत नाही: कोडमध्ये इम्पोर्ट करायचं ‘सीव्ही२’, पण टाकायचं पॅकेज ‘ओपनसीव्ही-पायथन’.