रेडीमेड ५८ सीसी की सुट्या भागांतून जोडलेला ७२ सीसी? चेनसॉ घेण्याआधी

बांधावरच्या बाभळी, वळवाच्या वादळात आडवा झालेला लिंब, कुंपणातून आत शिरणारी वेडी बाभूळ. एवढ्या कामासाठी भाड्याचा माणूस बोलावून कंटाळलेल्यांपुढे आता दोन स्वस्त वाटा आहेत. एक म्हणजे खोक्यातून निघणारं ५८ सीसीचं तयार मशीन. दुसरी म्हणजे सगळे भाग सुटे मागवून घरी जोडलेलं मशीन. मी दोन्ही करून बसलोय. तयार मशीन चार वर्षांपूर्वी घेतलं, दुसरं दोन वर्षांपूर्वी जोडलं. आजही दोन्ही चालू आहेत.

ज्याचं रोजचं पोट लाकूडतोडीवर आहे त्याने कंपनीचंच नवं मशीन घ्यावं, त्यात मी वाद घालणार नाही. माझं काम वर्षातून वीस-पंचवीस दिवसांचं. तेवढ्यासाठी एवढी रक्कम अडकवणं मला जमणारं नव्हतं.

आधी तयार मशीनबद्दल चांगलं ते सांगतो. खोकं उघडलं, बार-चेन चढवली, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळलं आणि तासाभरात कापायला लागलो. हलकं आहे, फांद्या छाटायला हाताला बरं वाटतं. सोबत आलेली चेन सुमार होती, ती पहिल्याच आठवड्यात बदलली. आमच्याकडच्या बाभळीच्या सालीत धूळ-माती इतकी बसलेली असते की चांगली चेनसुद्धा दोन टाक्यांत बोथट होते. कानस खिशात ठेवावीच लागते. पहिली दोन वर्षं या मशीनने निमूट काम केलं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी हेच घ्या म्हणालो असतो.

मग एका मे महिन्यात मोहोळच्या शेतावर एक वाळलेली बाभूळ घेतली होती. सकाळी नऊपर्यंत मशीन झकास चाललं. चहासाठी बंद केलं आणि नंतर सुरू होईना. पुतण्या दोरी ओढून ओढून घामाघूम झाला, शेवटी म्हणाला, "काका, बघा की जरा, हात गेला माझा." प्लग काढून ब्लॉकला टेकवला, दोरी ओढली, ठिणगी नाही. मशीन लिंबाच्या सावलीत ठेवलं, अर्ध्या तासाने तोच प्लग, तीच दोरी, आणि निळी ठिणगी. म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल गरम झाली की मरत होती.

कॉइल जाणं ही काही मोठी गोष्ट नाही. खरा त्रास पुढे झाला. सोलापुरात तीन दुकानं फिरलो. प्रत्येकाने "५८ सीसीला बसते" म्हणून एक कॉइल दिली. पहिलीच्या बोल्टची भोकं दीड-एक मिलिमीटरने सरकलेली. दुसरीची भोकं जुळली, पण तिच्या लोखंडी पायांची गोलाई तिच्यासमोर फिरणाऱ्या चाकाला, म्हणजे मॅग्नेटला, धरून बसेना. एका टोकाला फट बरोबर, दुसऱ्या टोकाला पाय घासतोय. तिसरी पहिलीचीच बहीण. मशीनसोबतच्या पुस्तिकेत पार्ट नंबर नाही, मशीन कोणत्या कारखान्यात झालं ते नाही, नुसतं ५८ सीसी. त्या नावाखाली दहा ठिकाणची दहा मशीनं विकली जातात. बाहेरून सारखी, आतून भावकीतली.

मी पंचवीस वर्षं यंत्रमागांवर फिटरचं काम केलंय. भोकं कानशीने लांबट करून कॉइल बसवणं मला अवघड नव्हतं. व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून फट लावली, मशीन चालू झालं. महिन्याभराने कंपनांनी बोल्ट ढिला पडला, कॉइल सरकून मॅग्नेटला लागली आणि दोन्ही खरवडले. मागावर मी असा जुगाड कधी चालवून घेतला नसता. इथे मात्र जुगाडाशिवाय वाटच नव्हती, कारण नेमका कोणता भाग हवा हेच कोणाला सांगता येत नव्हतं. माझ्यापुरता फैसला तिथे झाला.

सुटे भाग मागवून जोडायच्या मशीनचं मुळात हेच वेगळेपण आहे. हे संच कुठल्या तरी जुन्या, नावाजलेल्या मॉडेलची हुबेहूब नक्कल असतात. मी घेतला तो स्टिल (Stihl) या जर्मन कंपनीच्या एमएस ३८० चा: ७२.२ सीसी, ५२ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ३४ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). नकलेचा एखादा भाग फसला तर त्या जागी मूळ कंपनीचा भाग मागता येतो. त्याला नंबर आहे, आणि माझ्या अनुभवात तो कानस न लावता बसतो. भाग स्वस्तातले असले तरी आराखडा दुसऱ्याने पक्का करून ठेवलेला आहे.

जोडायला मला तीन रविवार लागले. सगळ्यात नाजूक काम क्रँक आणि बेअरिंगचं. हातोडीने ठोकायचं नाही. क्रँक प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या जाड तव्यावर जाळी ठेवून केसिंगचा अर्धा भाग मंद आचेवर तापवला, त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब उडायला लागेपर्यंत. बेअरिंग नुसत्या बोटाच्या दाबाने जागेवर गेलं, 'टक्' असा एक आवाज झाला, बस. घाई केली असती तर ॲल्युमिनियमची जागा ओरबाडली गेली असती. क्लच लावताना लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात.

संचातलं सगळंच वापरण्याजोगं नव्हतं, हे लपवत नाही. पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या, म्हणजे सर्क्लिप, हाताने वाकत होते. असा एक सर्क्लिप चालत्या इंजिनात निसटला की ब्लॉक, पिस्टन सगळं भंगारात जातं. ते मी टाकून दिले. ऑइल सील, रिंग आणि पेट्रोलची नळीही बदलली. नळीचं कारण वेगळं आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांतून ते निघतं ही आनंदाची गोष्ट आहे, पण स्वस्तातलं रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून कोणतंही मशीन असो, काम संपलं की टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवूनच मी ठेवतो.

पहिली दोरी ओढण्याआधी इंजिनातून हवा गळते का ते तपासणं मात्र चुकवू नका. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. सीलमधून किंवा पॅकिंगमधून बाहेरची हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पिस्टन कोरडा तापतो आणि सायलेन्सरच्या बाजूने ओरखडे पडतात. मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून कार्बोरेटरकडचं आणि सायलेन्सरकडचं अशी दोन्ही तोंडं बंद केली, प्लगच्या भोकात नळी बसवली आणि घरातल्या जुन्या बीपी मशीनच्या फुग्याने हवा भरली. काटा २५० वर नेला. तो हळूहळू उतरायला लागला. साबणाचं पाणी लावलं तर मॅग्नेटच्या बाजूच्या सीलपाशी बारीक बुडबुडे. सील पुन्हा बसवल्यावर काटा पाच मिनिटं हलला नाही. आतली हवा बाहेर ओढूनही तपासायला हवं, ते ओळखीच्या गॅरेजमधल्या व्हॅक्यूम पंपावर करून घेतलं.

कार्बोरेटर लावायला माझ्याकडे आरपीएम मोजायचं यंत्र नाही, मी कानाने लावतो. पूर्ण रेस दिल्यावर आवाज किंचित फाटका यायला हवा आणि चेन लाकडात बसताच तो स्वच्छ व्हायला हवा. लाकडाबाहेरही आवाज तार ताणल्यासारखा स्वच्छ येत असेल तर मिश्रण पातळ आहे, कार्बोरेटरचा पूर्ण रेसचा स्क्रू (H) थोडा सैल करा. चेन ब्रेकही मी लाकडाला हात लावण्याआधी चालत्या चेनवर तीन-चारदा लावून पाहिला. घरी जोडलेल्या मशीनची ही जबाबदारी जोडणाऱ्याचीच.

पैशात बोलायचं तर, बदललेले भाग आणि कस्टम ड्युटी धरून जोडलेलं मशीन मला तयार मशीनच्या जवळपास तिप्पट पडलं. वजनही जास्त, नुसतं इंजिनच साडेसहा किलोच्या वर. झाडावर चढून छाटणी करायला हे न्यायचं नाही. पण बाभळीच्या कोरड्या बुंध्यात ते जसं उतरतं तसं ५८ सीसी उतरत नाही. तिथे मी आधी वजन टाकून दाबायचो, आता नुसता धरून उभा राहतो. आणि मे महिन्यातल्या चहानंतर ते दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होतं. दोन उन्हाळे झाले, अजून तरी.

एकेका मशीनवरून सगळ्यांना माप लावणं बरोबर नाही, हे मान्य. तुमचं ५८ सीसी चांगल्या कारखान्यातलं निघेल आणि दहा वर्षं चालेल, असंही होऊ शकतं. काम फक्त फांद्यांचं असेल, पाना-स्क्रूड्रायव्हरची आवड नसेल, तर तेच घ्या. फक्त घेताना त्याच दुकानातून एक कॉइल आणि एक कार्बोरेटर जास्तीचा घ्या आणि तिथेच मशीनवर लावून बघा. जाड लाकूड असेल आणि तीन रविवार काढायची तयारी असेल, तर मात्र संच मागवा असंच मी म्हणेन. मागवताना सर्क्लिप, रिंग आणि सील वेगळे, मूळ कंपनीचे मागवा आणि ते हातात आल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका.

माझं ५८ सीसी विकलेलं नाही. पुतण्या थंडीत डाळिंबाच्या बागेचं कुंपण साफ करायला ते नेतो, त्या कामाला बरं आहे. वळवात पडलेल्या लिंबाचा बुंधा अजून गोठ्यामागे आहे, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. तो मी दुसऱ्या मशीनसाठी ठेवलाय.