लिंक्डइन: अर्ज नव्हे, ओळख कामी आली
मी ग्राफिक डिझायनर. चार महिने नुसते अर्ज पाठवले, उत्तर एकाचंही नाही. मग लिंक्डइनवर दर आठवड्याला एक जुनं काम टाकायला लागले: शेवटचा लोगो आणि त्याआधीचे फसलेले तीन कच्चे आराखडे. लोक प्रश्न विचारायचे ते फसलेल्यांबद्दलच! समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं, नोकरीची खबर रोजच्या मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्यांकडून जास्त येते. माझंही तसंच झालं. सहा वर्षं संपर्कात नसलेल्या एका सहकारी ताईंनी माझी पोस्ट त्यांच्या साहेबांना दाखवली, आणि मुलाखत ठरली. नोकरीत असाल तर लिंक्डइनवरचं ‘ओपन टू वर्क’, म्हणजे नोकरी शोधत असल्याचं चिन्ह, फक्त रिक्रूटर्सना (भरती करणाऱ्यांना) दिसेल असं ठेवा. पण आपल्या कंपनीपासून ते लपेलच, याची हमी नाही.