मायनेता वेबसाइट: उमेदवाराचं शपथपत्र वाचायचं असेल तर इथेच जा (सविस्तर अनुभव)

गेल्या विधानसभेपासून लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज लिहितेच. तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज हेच चालू असतं. त्यामुळे कुठली वेबसाइट माणसाला कामाची आणि कुठली नुसती फिरवत ठेवणारी हे मला लगेच कळतं. मायनेता डॉट इन्फो ही सरकारी साइट नाहीये. एडीआर म्हणजे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स नावाची संस्था आहे आणि त्यांच्यासोबत देशभर नॅशनल इलेक्शन वॉच म्हणून नागरिकांचे गट आहेत, ते मिळून हे चालवतात. कुठल्या पक्षाचं नाही. याला मत द्या, त्याला पाडा, असलं काही तिथे सापडणार नाही. उमेदवाराने अर्जासोबत स्वतः सही करून जे शपथपत्र दिलंय ते नीट टाइप करून तक्त्यात मांडलेलं असतं, बस. पैसे नाहीत, लॉगिन नाही, ओटीपी नाही.

मला ही साइट खरी कळली ती नोव्हेंबर 2024 ला. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी 4 तारखेला अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि मतदान 20 ला, म्हणजे मधे जेमतेम पंधरा दिवस. दुकानात एक अण्णा येतात, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत, रोज पेपर वाचून चर्चा करायला येतात. ते म्हणाले, "पोरी, ह्या उभ्या राहिलेल्यांचे कागद बघायला मिळतात का गं कुठं?" मी आधी निवडणूक आयोगाच्या साइटवरून मूळ शपथपत्राचं स्कॅन काढून दिलं, तिथे ते मिळतंच, पण वीस-बावीस पानं, नोटरीचे शिक्के, काही ठिकाणी पेनाने लिहिलेलं, अण्णांना चष्मा लावूनही लागेना. मग मायनेता उघडलं. आमचा मतदारसंघ निवडला, सगळ्या उमेदवारांची एकाखाली एक यादी आली, नाव, पक्ष, गुन्हे किती, शिक्षण, वय, मालमत्ता, कर्ज. नावावर क्लिक केलं की त्या माणसाचं अख्खं पान. पाच वर्षांचं इन्कम टॅक्सचं उत्पन्न, स्वतःचं वेगळं, बायकोचं वेगळं, अवलंबून असलेल्यांचं वेगळं, सोनं किती, गाड्या किती, बँकेचं कर्ज किती, सरकारी थकबाकी आहे का. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तोच माणूस आधीच्या निवडणुकीत उभा असेल तर तेव्हाची जाहीर केलेली मालमत्ता आणि गुन्ह्यांचा आकडा पण तिथेच दाखवतात. पाच वर्षांत कुणाचं काय वाढलं ते समजायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

आता हे वापरणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचंय. नुसता गुन्ह्यांचा आकडा बघून पान बंद करू नका, खाली कलमं दिलेली असतात ती वाचा. आमच्या इथे एका उमेदवारावर बरेच गुन्हे होते, अण्णा बघूनच म्हणाले हा काही कामाचा नाही. पण खाली वाचत गेलो तर भादंवि म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाची 143, 341, 188, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 37 आणि 135, जवळजवळ सगळी अशीच. म्हणजे जमाव जमवला, रस्ता अडवला, जमावबंदीचा आदेश मोडला. उसाच्या दरासाठी, पाण्यासाठी रास्ता रोको करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्यावर ही कलमं लागतात, आमच्या भागात तर ही गोष्ट लहान पोरांना पण माहितीये. आणि दुसऱ्या एकावर एकच गुन्हा होता, पण कलम 420 आणि 406, फसवणूक आणि विश्वासघात, लोकांच्या ठेवींचं प्रकरण. यादीत बघितलं तर पहिला जास्त वाईट दिसतो. साइटवर गंभीर गुन्हे वेगळे काढून दाखवलेले असतात, म्हणजे पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेचे, अजामीनपात्र, खून, अपहरण, बायकांवरचे अत्याचार, भ्रष्टाचार वगैरे, ते बरं केलंय, तरी कलम स्वतः वाचण्याला पर्याय नाही. अजून एक, 1 जुलै 2024 पासून भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आली त्यामुळे नवीन गुन्ह्यांचे नंबर बदललेत, 420 चं 318 झालं, 307 म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं 109, 188 चं 223. जुने आणि नवे नंबर एकाच पानावर येतात तेव्हा गोंधळ होतो, मी एक छोटा तक्ता करून काउंटरला चिकटवून ठेवलाय. आणि हे सगळे दाखल झालेले गुन्हे असतात, शिक्षा झालेली असेल तर तो रकाना वेगळा असतो, हा फरक लोकांना सांगावा लागतो.

जमिनीचा रकाना हा तर माझा रोजचाच विषय. शपथपत्रात गट नंबर, क्षेत्र, वारसाने आली की विकत घेतली, कधी घेतली, केवढ्याला घेतली आणि आजचा बाजारभाव अंदाजे किती, हे सगळं लिहावं लागतं. एका पानावर आमच्याच शिवारातला गट होता, हायवेला लागून, आणि बाजारभाव म्हणून जो आकडा लिहिला होता त्या भावात तिथे एक गुंठा पण कुणी देणार नाही. दिल्लीत किंवा बंगलोरमध्ये बसून हे टाइप करणाऱ्याला ते कसं कळणार, त्याला तो एक नंबर आहे. पण माझ्या दुकानात त्या वेळी चार माणसं उभी होती आणि चौघांनाही तो गट माहीत होता, एकाचा तर बांधाला बांध. एडीआरवाले साइटवर स्पष्टच लिहितात की आम्ही शपथपत्रात आहे तेच देतो, खरंखोटं तपासत नाही. लोक याला साइटचा दोष म्हणतात, मला तसं वाटत नाही. ते तपासणं गावातल्या माणसालाच जमणार आहे, ते पान फक्त त्याच्या हातात पडलं पाहिजे. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, पण आधी कुणीतरी ओळखायला तर पाहिजे ना की हे खोटं आहे.

आणखी एक शब्द तुम्हाला मूळ मराठी शपथपत्रात पानोपानी दिसेल, निरंक. दागिने निरंक, वाहन निरंक, थकबाकी निरंक. पूर्वी लोक रकाने सरळ कोरे सोडायचे. सप्टेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोरं सोडलेलं चालणार नाही, काहीतरी लिहावंच लागेल. निरंक लिहिणं म्हणजे सही करून सांगणं की माझ्याकडे नाही. कोरं सोडणं आणि निरंक लिहिणं यात केवढा फरक आहे तो माझ्यासारख्या फॉर्म भरणारीला चांगला कळतो, कोऱ्या रकान्याबद्दल कुणाला धरता येत नाही.

ही माहिती आपल्याला सहज मिळालेली नाही हे पण लिहिलंच पाहिजे कारण आजकाल पोरांना वाटतं हे पहिल्यापासून असंच होतं. 1999 ला आयआयएम अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी एडीआर सुरू केली, त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर ही त्यातली नावं, आपले अर्थतज्ज्ञ अजित रानडे पण संस्थापकांपैकीच. त्यांनी दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका टाकली की उमेदवारावर कोणते गुन्हे आहेत, त्याच्याकडे किती पैसा आहे हे मतदाराला कळलं पाहिजे. 2000 मध्ये हायकोर्टाने मान्य केलं, केंद्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे पण 2 मे 2002 ला निकाल मतदाराच्याच बाजूने लागला. मग एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एकत्र बसले आणि निकालाची धार काढून घेणारा अध्यादेश आला. तेव्हा कलाम नुकतेच राष्ट्रपती झाले होते, त्यांनी तो फेरविचारासाठी परत पाठवला, सरकारने तसाच पुन्हा पाठवला तेव्हा त्यांना सही करावी लागली. पुढे तसा कायदाही झाला. पुन्हा कोर्ट, आणि 13 मार्च 2003 ला त्या कायद्यातलं कलम 33ब, म्हणजे कोर्टाने सांगितलं तरी कायद्यात नसलेली माहिती द्यायची गरज नाही म्हणणारं कलम, रद्द झालं. तेव्हापासून शपथपत्र पक्कं झालं. एवढं वाचल्यावर मला तो साधा दिसणारा तक्ता बघून खरंच भरून आलं. कुणाला खुर्ची नको होती, तिकीट नको होतं, शिकवायची नोकरी सांभाळून माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांना जात राहिली. निवडणूक रोखे म्हणजे नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायचे बँकेचे कागद, त्यांच्या केसमध्ये पण हेच लोक होते, 15 फेब्रुवारी 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने रोखे रद्द केले आणि कुणी किती रोखे घेतले, कुठल्या पक्षाने वटवले ते महिन्याभरात सगळ्यांसमोर आलं. पक्षांना माहिती अधिकारात आणायचा त्यांचा प्रयत्न मात्र अजून अडकलेलाच आहे, केंद्रीय माहिती आयोगाने 2013 ला सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती द्यायला सांगितलं होतं, पक्षांनी ते पाळलंच नाही.

कमी काय आहे ते पण सांगते. पहिली आणि मोठी अडचण, मराठी नाही. ज्याच्यासाठी हे आहे तो माझा गिऱ्हाईक इंग्रजीत 'लायबिलिटीज' (म्हणजे देणी) वाचून माझ्याकडे बघतो. मूळ शपथपत्र मराठीत, ते टाइप करताना इंग्रजी होणार आणि मी परत मराठीत समजावून सांगणार, हा उलटा प्रवास बंद झाला पाहिजे, निदान रकान्यांची नावं तरी मराठीत द्या. दुसरं म्हणजे डिझाइन जुनं आहे, कॉम्प्युटरवर ठीक, मोबाइलवर आडवं सरकवत बसावं लागतं. आणि तिसरं सगळ्यात मनाला लागणारं, खासदार आमदार यांचं सगळं मिळतं पण नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती इथलं फार कमी. काही मोठ्या महापालिकांचं आहे, आमच्यासारख्या ठिकाणचं जवळपास नाहीच. नळाचं पाणी, गटार, रस्ता हे ज्यांच्या हातात त्यांचंच पान नाही. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, शपथपत्रं तिथेही असतात, पण एवढी गोळा करून टाइप करायची तर माणसं पण तेवढी लागणार हे मला मान्य आहे.

आणि लोक विचारतात याचा उपयोग काय झाला. आकडे बघून मलाही वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. एडीआरच्याच रिपोर्टप्रमाणे 2009 ला गुन्हे जाहीर केलेले 162 खासदार निवडून आले, 2014 ला 185, 2019 ला 233, आणि 2024 ला 543 पैकी 251. करोडपती 504. त्याच रिपोर्टमध्ये अजून एक आकडा आहे, गुन्हे असलेल्या उमेदवाराची निवडून यायची शक्यता 15.3 टक्के आणि गुन्हा नसलेल्याची 4.4 टक्के. म्हणून पक्ष तिकीट देतात. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये पक्षांना सांगितलं की असा उमेदवार का निवडला त्याचं कारण छापा आणि नुसतं निवडून येतो हे कारण चालणार नाही, तर आता पेपरात बारीक टायपात जाहिरात येते, समाजकार्याची आवड म्हणून दिला वगैरे. ती जाहिरात कोण वाचतं? पण या आकड्यांचा राग साइटवर काढणं मला पटत नाही, साइट नसती तर हे आकडेच आपल्याला कळले नसते.

आमच्या दुकानात काय झालं ते सांगते. अण्णांचं बघून लोक प्रिंट मागायला लागले. निवडणुकीची पत्रकं छापायची तर कलम 127अ प्रमाणे छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव लागतं, मला त्या भानगडीत पडायचं नव्हतं, म्हणून मी वाटलं काहीच नाही, जो स्वतः मागेल त्याला आणि देईन तर सगळ्या उमेदवारांची यादी एकत्रच, एकाची नाही. तिसऱ्या दिवशी एक कार्यकर्ता आला, आवाज चढवून म्हणाला आमच्या साहेबांची बदनामी चालवलीय. मी त्याला मूळ शपथपत्राचं शेवटचं पान दाखवलं, खाली साहेबांचीच सही. तो जरा वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, ताई, समोरच्याचं पण असंच निघतं का. काढून दिलं, घडी घालून खिशात टाकून गेला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मराठीसाठी राखून ठेवलाय. वापरताना एवढं करा, माघारीची तारीख उलटल्यावर दोन-चार दिवसांनी बघा कारण टाइप व्हायला वेळ लागतो, आणि शंका आली की आयोगाच्या साइटवरचं मूळ स्कॅन उघडून ताडून घ्या. वयस्कर माणसांसाठी ए-थ्रीवर मोठं करून काढलं तर छान वाचता येतं. या प्रिंटचे मी पैसे घेत नाही. अण्णा मात्र ऐकत नाहीत, दर वेळी पाचचं नाणं काउंटरवर ठेवतात आणि कागद उघडून तिथेच स्टुलावर वाचायला बसतात.