होलसेल औषधाचं लायसन्स 'करून देतो' म्हणणाऱ्याला मी 3,08,000 रुपये दिले, तुम्ही देऊ नका

आधीच सांगून टाकतो, मी या लाईनमधला नवखा नाही. नागपूरच्या गांधीबागेत औषधाच्या होलसेल काउंटरवर 9 वर्षं काम केलंय, बिलिंगपासून एक्स्पायरी रिटर्नपर्यंत सगळं हातानं केलंय, नवीन पार्टी आली की डीएल नंबर, म्हणजे ड्रग लायसन्सचा नंबर, पाहिल्याशिवाय बिल फाडायचं नाही हे नवीन पोरांना मीच शिकवायचो. आणि तरी मी फसलो. घरी बायको म्हणते अहो कायले चारचौघात सांगता, लोक नावं ठेवतील. ठेवू द्या. मले कोणी आधी सांगितलं असतं तर आईच्या नावाची एफडी मोडायची वेळ आली नसती, म्हणून लिहून राहिलो.

झालं असं की मागच्या वर्षी पगारावरून शेठजींशी माझा वाद झाला आणि मी नोकरी सोडली. रागात सोडली. तेव्हाच ठरवलं की आता स्वतःची एजन्सी टाकायची, उमरेड-भिवापूर साईडची मेडिकलवाली मंडळी ओळखीची होती, माल कोण देईल तेही माहीत होतं, फक्त लायसन्स पाहिजे होतं. दिवाळीनंतर एका ओळखीच्या माणसानं या एजंटकडे नेलं. बर्डीवर (सीताबर्डीला) ऑफिस, काचेचं केबिन, भिंतीवर दहा-बारा लायसन्सच्या लॅमिनेट केलेल्या कॉप्या. मला वाटलं एवढ्या लोकांचं केलंय म्हणजे माणूस कामाचा आहे. त्या कॉप्यांवरचा एकही नंबर मी तपासला नाही.

तेव्हा छिंदवाड्यात विषारी कफ सिरपनं लेकरं दगावल्याचं प्रकरण ताजं होतं, तिथली आजारी लेकरं इथेच नागपुरात ऍडमिट होती, औषध बाजारात दुसरा विषयच नव्हता. त्यानं तेच धरलं. "भाऊ, पाहून राहिले ना काय चालू आहे? आता सरकार नवीन होलसेल लायसन बंदच करून राहिली. फाईल याच महिन्यात लावा, नाहीतर बसा मग." असं काही बंद झालेलं नव्हतं, मी एक फोन करून कोणालाही विचारू शकलो असतो. पण ज्यांना विचारायचं ते सगळे शेठजींच्या ओळखीचे, आणि मी एजन्सी टाकून राहिलो हे शेठजींच्या कानावर जाऊ नये असं मला वाटत होतं. ही माझी चूक आहे, मान्य आहे.

पहिल्यांदा त्यानं मला एक चालू फर्म दाखवली, लायसन्ससकट विकत घ्या म्हणे, नाव मी बदलून देतो. इथं मी शहाणपणा केला, नाही म्हटलं. लायसन्स विकता येत नाही हे मला पक्कं माहीत होतं, फर्मचे मालक-पार्टनर बदलले की जुनं लायसन्स जास्तीत जास्त 3 महिने चालतं, तेवढ्यात नव्या नावानं नवीन काढावं लागतं. तुम्हाला कोणी 'लायसन्ससकट फर्म' विकत असेल तर उठून निघून या. मी उठलो नाही. त्याला नाही म्हटल्यावर मला वाटलं आता हा समजला की समोरचा जाणकार आहे, आता हा सरळ काम करेल.

आता पैशाचा हिशोब लिहितो, एक रुपया लपवत नाही. 'लायसन्सचं काम' 1,65,000, त्यातले 51,000 यूपीआयनं, 64,000 चेकनं, 50,000 कॅश. कॉम्पिटंट पर्सनचे (लायसन्ससाठी दाखवावा लागतो तो पात्र माणूस) 48,000, महिन्याला 4,000 प्रमाणे वर्षाचे एकदम, हे दुसऱ्याच एका खात्यात यूपीआयनं. 'इन्स्पेक्शन खर्च' 35,000 कॅश. गाळ्याचं डिपॉझिट 60,000 कॅश, गाळाही त्यानंच आणला होता, त्याच्या कोण्या नातेवाईकाचा. झाले 3,08,000. वरून 3 महिन्यांचं भाडं 9,000 प्रमाणे 27,000, रॅक 31,000, इन्सुलिन-लसीसाठी फ्रीज 23,500. एकूण 3,89,500. आणि सरकारी फी किती? 20बी चे 1,500 आणि 21बी चे 1,500, हे होलसेल लायसन्सचे दोन प्रकार. तीन हजार रुपये. तीन हजाराच्या कामाचे मी तीन लाख दिले.

कॉम्पिटंट पर्सनचं तर आठवलं की आजही झोप उडते. होलसेलला फार्मासिस्टच पाहिजे असं नाही. रजिस्टर्ड फार्मासिस्ट चालतो, किंवा मॅट्रिक पास आणि औषध विक्रीचा 4 वर्षांचा अनुभव, किंवा ग्रॅज्युएट आणि 1 वर्षाचा अनुभव. मी बीएस्सी आहे. 9 वर्षं काउंटरवर होतो. म्हणजे मीच कॉम्पिटंट पर्सन होतो! त्याला मी हे म्हटलंही, तर म्हणे "अनुभवाचं पत्र आणा जुन्या मालकाचं, लेटरहेडवर, त्यांच्या लायसन नंबरसकट." शेठजींसमोर जाऊन पत्र मागायची माझी हिंमत झाली नाही. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणाला, "राहू द्या भाऊ, माझ्याकडे माणूस आहे." 48,000 मी त्या एका पत्राच्या लाजेपायी दिले.

पण जिथं मला कळायलाच पाहिजे होतं ती जागा वेगळी आहे. नियमात होलसेलसाठी जागा कमीत कमी 10 चौरस मीटर लागते, होलसेल-रिटेल दोन्ही करायचं तर 15. 10 चौरस मीटर म्हणजे साधारण 108 चौरस फूट. रॅकवाल्याला माप द्यायचं होतं म्हणून मी आणि माझा मुलगा टेप घेऊन गाळ्यात गेलो. मुलानं मागच्या भिंतीला टेपचं टोक धरलं, मी शटरच्या पट्टीपाशी बसून आकडा वाचला, 11 फूट. मग आडवं धरलं, 9 फूट 2 इंच. मुलानं मोबाईलवर गुणाकार केला आणि म्हणाला, बाबा 101 पण नाही होत. मी परत मोजायला लावलं. तेवढंच आलं. एजंटनं जो नकाशा काढून आणला होता त्यात लिहिलं होतं 10 बाय 12. मी त्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, कागदावर होऊन जाते. भिंतीची जाडी धरतात ना ते." आणि मी फोन ठेवला आणि रॅकवाल्याला माप सांगितलं.

टेप माझ्या हातात होता. भिंतीची जाडी धरत नाहीत हे काय मला माहीत नव्हतं? ज्या जागेची ड्रग इन्स्पेक्टर येऊन पाहणी करतो त्या जागेचं माप कागदावर कसं वाढेल? जो माणूस खरंच फाईल लावणार आहे तो असा गाळा दाखवणारच नाही, कारण फाईल तिथंच अडकते. त्याला फाईल लावायचीच नव्हती, म्हणून माप किती का असेना, त्याला काय फरक पडत होता. हे आज कळतं. त्या दिवशी मी 60,000 डिपॉझिट देऊन बसलो होतो आणि मला ते बुडू द्यायचे नव्हते, म्हणून मी त्याचं ऐकलं. मुलगा परत येताना गाडीवर काहीच बोलला नाही. बारावीचं पोरगं आहे, त्याला कळलं होतं.

अजून एक. अर्ज ऑनलाइन असतो, लॉगिन आपलं, मोबाईल नंबर आपला. मला एकही ओटीपी आला नाही, एकही मेसेज नाही. विचारलं तर म्हणे ऑफिसचा नंबर टाकलाय, तुम्हाला कशाला त्रास. नंबर दुसऱ्याचा टाकू देऊ नका, लॉगिन पासवर्ड स्वतःजवळ ठेवा, चलान स्वतः भरा. आणि इन्स्पेक्टर जागेवर आला नाही तर समजून घ्या की काहीतरी गडबड आहे. माझ्याकडे कोणी आलं नाही. "साहेबांशी बोलणं झालं" एवढं म्हणून त्यानं 35,000 नेले. ते कशाचे होते हे मला समजत होतं, मी तेव्हा डोळे मिटले.

16 जानेवारीला व्हॉट्सऍपवर दोन पीडीएफ आल्या, 20बी आणि 21बी, माझ्या फर्मच्या नावानं, सही-शिक्क्यासकट. मी त्या प्रिंट काढून फ्रेम केल्या, गाळ्यात लावल्या, आईच्या हातानं नारळ फोडला. आठ दिवसांनी एका स्टॉकिस्टकडे पहिली ऑर्डर दिली, 1,12,000 ची. संध्याकाळी तिथल्या बिलिंगच्या मुलीचा फोन, "काका, तुमचा डीएल नंबर टाकला तर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका मेडिकलचं नाव येऊन राहिलं." जे मी नऊ वर्षं दुसऱ्यांचं तपासत होतो ते त्या पोरीनं माझं तपासलं. दुसऱ्या दिवशी लायसन्सच्या ऑफिसात गेलो, काउंटरवरच्या माणसानं दोन मिनिटांत पाहून सांगितलं, या नावानं अर्जच आलेला नाही. तिथं लेखी तक्रार दिली, पोच घेतली.

त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. कारण त्या लायसन्सवर मी एक स्ट्रिप जरी विकली असती तर आरोपी मी झालो असतो. विनालायसन्स औषध विक्री म्हणजे औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा 1940 चं कलम 18(सी), आणि शिक्षा कमीत कमी 3 वर्षं, 5 पर्यंत, वरून दंड कमीत कमी 1 लाख किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. "मला एजंटनं फसवलं" हे तिथं कोण ऐकून घेणार होतं?

आता पोलिसांचं सांगतो. स्टेशनचं नाव लिहित नाही, मला अजून तिथंच जायचं आहे. पहिल्या ठिकाणी दोन तास बसवलं आणि सांगितलं की एजंटचं ऑफिस आमच्या हद्दीत येत नाही. जिथं येतं तिथं गेलो तर म्हणे गाळा कुठं आहे, पैसे कुठून पाठवले, तिकडे जा. परत पहिल्या ठिकाणी. तिथं ड्युटी बदललेली, नवीन साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, ते म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे, वकील पहा. सिव्हिल? बनावट सरकारी लायसन्स, खोटी सही, खोटा शिक्का, हे सिव्हिल कसं? मी 35,000 चं खरं सांगितलं तर उलट मलाच, "म्हणजे तुम्ही लाच द्यायला तयार होता?" तिथं बसलेले चार लोक माझ्याकडे पाहायला लागले. त्यानंतर मी एक आठवडा गेलोच नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला, यूपीआयच्या 99,000 ची तक्रार नोंदली, तर बँकेत म्हणतात पिन तुम्हीच टाकला, पैसे तुम्हीच पाठवले, महिने झाले, आम्ही काय करणार. चेकच्या 64,000 साठी अर्ज द्या म्हणे, अर्ज दिला तर मॅडम सुट्टीवर, मॅडम आल्या तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांचं पत्र पाहिजे तर एफआयआर पाहिजे, एफआयआर पाहिजे तर म्हणे बँकेचे कागद आणा. असे माझे 11 चकरा झाले, प्रत्येक वेळी कामाचा दिवस गेला, प्रत्येक ठिकाणी नवीन माणसाला तीच लाजेची गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि त्यानं मोबाईलवरून मान वर न करता "एवढे शिकलेले असून?" म्हणायचं. हो, शिकलेला आहे. म्हणूनच तक्रार लेखी आणली आहे, ती तर घ्या! ज्यानं 3 लाख खाल्ले त्याचं ऑफिस या सगळ्यात अडीच महिने उघडं होतं. मी स्वतः रस्त्याच्या या बाजूनं पाहिलं, आत दुसरं कोणी गिऱ्हाईक बसलं होतं. नंतर एक दिवस शटर बंद.

वकिलानं सांगितलं ते तुम्हालाही कामी येईल. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 मध्ये झिरो एफआयआर आहे, कोणत्याही स्टेशनला द्या. नाहीच घेतली तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी पोस्टानं पाठवा, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या 318(4) खाली येते. कॅश देऊ नका हो, हात जोडून सांगतो, माझ्या 1,45,000 चा एकच पुरावा आहे, साध्या कागदावरची 60,000 ची पावती, बाकी 85,000 हवेत गेले. आणि ज्यांचं लायसन्स आधीपासून आहे त्यांनाही हे लोक सोडत नाहीत, 'रिन्यूअल करून देतो, 40 हजार द्या' म्हणतात. 2017 पासून लायसन्सचं रिन्यूअल राहिलेलं नाही, दर 5 वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे लायसन्स चालू ठेवायची फी, भरायची असते, ती तारीख तेवढी चुकवू नका.

मागच्या सोमवारी मी शेवटी शेठजींकडे गेलो. सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले "अरे बाबा, एकदा येऊन विचारायचं तर होतं." आणि लेटरहेड काढून पत्र टाईप करायला सांगितलं, 9 वर्षं, खाली लायसन्स नंबर, सही, शिक्का. दहा मिनिटं लागली. फ्रीज सध्या घरी आहे, रॅक भावाच्या गोठ्यात ठेवलेत, गाळ्याची किल्ली अजून माझ्याजवळ आहे आणि डिपॉझिट मिळेपर्यंत मी ती देणार नाही.

येत्या गुरुवारी वकिलासोबत वरच्या साहेबांकडे अर्ज घेऊन जातोय. त्या केबिनच्या भिंतीवर दहा-बारा लायसन्स होते, म्हणजे मी एकटा नाही. ज्यांनी बर्डीवर काचेच्या केबिनमध्ये बसून "कागदावर होऊन जाते" ऐकलं असेल आणि पैसे दिले असतील त्यांनी आपला डीएल नंबर आजच तपासा, खोटा निघाला तर गाळा बंद ठेवा, एक गोळीही विकू नका, आणि माझ्यासोबत चला. एकट्याचा अर्ज ते बाजूला ठेवतात, पाच जणांचा ठेवता येणार नाही.