बीकन की रंगीत कोड?

जमिनीखाली जीपीएस पोचत नाही. मग मेट्रो स्थानकात दृष्टिहीन प्रवाशाने वाट कशी शोधायची?

2015 मध्ये लंडनच्या पिम्लिको स्थानकात वेफाइंडर या संस्थेने ब्लूटूथ बीकन लावून पाहिले. भिंतीवरची छोटी डबी संकेत सोडते, फोन त्यावरून जागा ओळखतो आणि पुढे जिना आहे की वळण, ते कानात सांगतो. फोन खिशातच राहतो. एका हातात पांढरी काठी असताना याचं मोल फार मोठं आहे. पण गर्दीत माणसांची शरीरंच संकेत शोषतात आणि जागेचा अंदाज काही मीटरने चुकू शकतो. फलाटाच्या कडेला तेवढी चूक परवडत नाही. शिवाय बॅटऱ्या वेळेवर बदलायला हव्यात.

स्पेनमधल्या नेव्हीलेन्स कंपनीचे रंगीत चौकोनी कोड बार्सिलोनाच्या मेट्रोत आहेत. क्यूआर कोडसारखा नेम धरावा लागत नाही. चालता चालता कॅमेरा लांबूनच कोड टिपतो, अंतर आणि दिशा सांगतो. फोन मात्र हातात धरावा लागतो, आणि समोर कुणी उभं राहिलं की कोड झाकला जातो.

मुंबई-पुण्याच्या मेट्रोत मला आधी कोड हवेत. छापील स्टिकरला वीज लागत नाही, आणि फाटला तर नवा लगेच चिकटवता येतो.