दीड मीटर मेणकापड आणि सव्वादोन वर्षांची लेक

आमच्या लेकीला भरवून घेणे मान्य नाही. ताटली तिच्या पुढ्यात हवी, कालवणारा हात तिचाच हवा, आणि आमटी-भात कालवून झाला की त्यातला निम्मा पोटात जातो व उरलेला केसांत, मांडीखाली आणि फरशीवर पसरतो. ती दीड वर्षाची असताना, गेल्या मे महिन्यात, जेवताना तिच्याखाली अंथरायला मी बेळगावच्या गणपत गल्लीतील एका दुकानातून मीटरवर मिळणारे जाड पारदर्शक मेणकापड घेतले. 54 इंच पन्ह्याचे, दीड मीटर लांबीचे, मीटरला 200 रुपये दराने. नऊ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर मी त्याला पाचपैकी साडेतीन गुण देईन.

त्याआधी फोमच्या रंगीत चौकोनांचे जोडअंथरूण घरपोच मागवले होते आणि त्यावर 700 रुपये वाया घालवले. एकेका चौकोनात कापून बसवलेली अक्षरे लेकीने दुसऱ्याच दिवशी उपटून तोंडात घातली. चौकोन जिथे एकमेकांत अडकतात त्या दातेरी फटींत वरण झिरपून वाळत असे, आणि ते काढण्यासाठी सगळे अंथरूण सोडवून, धुऊन, वाळवून पुन्हा जुळवावे लागे. आठवड्याभरात त्या फटींतून लाल मुंग्यांची रांग सुरू झाली, तेव्हा सासूबाईंनी ते उचलून माळ्यावर टाकले.

मेणकापडाला फट नाही, हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. सांडलेला भात लगेच पुसायला जाऊ नये, हे मात्र मला अनुभवानेच कळले. ओले शीत फडक्याखाली चिरडते आणि चिकट थर दुप्पट जागेवर पसरतो. तेच अर्धा तास वाळू दिले तर शिते कडक होऊन नखाने टचकन सुटतात व कापड दाराबाहेर नेऊन झटकले की काम संपते. दही-भात आणि नाचणीची आंबील ओल्या फडक्याने सहज निघतात. कुंदा या बेळगावी मिठाईचा तुपकटपणा मात्र कोमट साबणपाण्याशिवाय हटत नाही.

खरी परीक्षा हळदीची. पहिल्या दिवशी मी आमटीच्या डागावर थेट कपड्याचा साबण घासला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल झाला. हळदीतील रंगद्रव्याला साबणाचा क्षार लागला की असे होते. ते द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आता मी आधी खोबरेल तेलाचा बोळा फिरवते आणि त्यानंतर साबण लावते. तरीही उरलेली पिवळी झाक उन्हात दोन दिवस ठेवल्यावर फिकी पडते. ही सोय मे महिन्यात छान वाटते. पण जून ते सप्टेंबर, जेव्हा आमच्याकडे पोतेरेसुद्धा वाळत नाही, तेव्हा कापडाच्या मधोमध पिवळे बेट घेऊनच जगावे लागते.

दुकानदाराने आरंभी मला कापडी अस्तराचे, फुलाफुलांचे मेणकापड दाखवून ‘हे घ्या की हो, दिसायला बी बरं आणि सरकत बी न्हाई’ असा आग्रह केला होता. शेजारणीने तेच घेतले; पावसाळ्यात त्याच्या अस्तराने पाणी धरले, काळे ठिपके उमटले आणि जुलैअखेर त्याला असा कुबट वास येऊ लागला की ते फेकावे लागले. बिनअस्तराचेच घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र दुकानदाराचे दुसरे म्हणणे अगदी खरे निघाले: बिनअस्तराचे कापड गुळगुळीत टाइल्सवर सरकते, आणि लेक धावत येऊन त्यावर बसते तेव्हा ती कापडासकट भिंतीपर्यंत जाते. तांदळाचे ज्यूटचे पोते उसवून खाली पसरल्यापासून हा प्रवास थांबला आहे. सासरच्या जुन्या घरातील खरबरीत शहाबादी फरशीवर तशी गरजच पडली नाही.

उणिवा आणखी आहेत. नव्या कापडाचा प्लॅस्टिकी वास जायला व्हरांड्यात चार दिवस लागले. कापडाला उभी कड नसल्याने पेला मुद्दाम उपडा केला की पाणी थेट बाहेर वाहते, आणि पेला मुद्दामच उपडा केला जातो. साडेचार फुटांच्या पलीकडे पापड फेकण्याची कला लेकीने ऑक्टोबरात साध्य केली. सर्वांत गंभीर बाब म्हणजे तिला कापडाची कड चावण्याची सवय लागली. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हे कापड मेजावर घालण्यासाठी विकले जाते, खेळणे म्हणून नव्हे, त्यामुळे तोंडात गेल्यास ते निर्धोक आहे अशी हमी कोणीच देत नाही. म्हणून जेवण झाले की मी ते गुंडाळून कपाटामागे उभे करते. घडी घातली तर तिच्या रेषा कायमच्या उमटतात आणि नेमका तिथेच मळ साचतो.

दीड मीटर मला कमी पडले. दुसऱ्यांदा घेणाऱ्याने दोन मीटर घ्यावे आणि दुकानातच ते उलगडून मोजून पाहावे, कारण माझ्या तुकड्याची एक बाजू दोन बोटे तिरकी कापली गेली होती व ते घरी आल्यावर लक्षात आले. तो तिरका कोपरा आता लेकीच्या पाठीमागे येईल असा अंथरते. तिकडे भात जरा कमी उडतो.